वाटाड्या कुत्र्याची शाळा

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही 'डोळा आणि रंगज्ञान' या विषयावर बोलत होतो. कुत्र्याला लाल आणि हिरवा या रंगांत फरक करता येत नाही, असे आम्ही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "मग परदेशात आंधळ्या माणसांना रस्ता ओलांडून नेणारे कुत्रे असतात, त्यांना सिग्नल कसा कळतो?" प्रश्न रास्त होता. आम्ही क्षणभर अडखळलो आणि मग ठोकून दिले, की दिवा वरचा लागला आहे की खालचा, हे कुत्रा जागेवरून ओळखत असणार. वर्गात एक अंध शिक्षकही होते. ते हसले आणि म्हणाले, "सर, सिग्नल बघणे हे कुत्र्याचे कामच नाही. ते माणसाचे काम आहे."

आमचे उत्तर चुकले होते, आणि ते सर्वांसमक्ष चुकले होते. त्या निमित्ताने आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. वाचता वाचता लक्षात आले, की वाटाड्या कुत्र्याचा इतिहास हा खरे तर एका शाळेचा इतिहास आहे. म्हणून तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

आधी त्या बाईंच्या प्रश्नाचे नीट उत्तर देऊ. माणसाच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, तर कुत्र्याच्या दृष्टिपटलात दोनच. त्यांपैकी एक प्रकार सुमारे ४३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि दुसरा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या. त्यामुळे निळा आणि पिवळा हे रंग कुत्र्याला वेगळे दिसतात, लाल-हिरव्याची मात्र गल्लत होते. त्याची नजरही आपल्याइतकी तीक्ष्ण नसते. जो बारकावा आपल्याला ७५ फुटांवरून दिसतो, तो पाहायला कुत्र्याला साधारण २० फुटांपर्यंत यावे लागते. असा हा प्राणी माणसाचा डोळा कसा काय होतो?

तो कामाच्या वाटणीने होतो. कुठे जायचे, किती चौक सोडून कुठल्या बाजूला वळायचे, हे सगळे माणसाने डोक्यात ठेवायचे. चौकात उभे राहून रहदारीचा आवाज ऐकायचा आणि आपल्या दिशेची वाहने सुरू झाल्याची खात्री पटली, की कुत्र्याला 'पुढे चल' म्हणायचे. पुढच्या दहा-वीस पावलांत वाटेत काय आहे, ते कुत्र्याने पाहायचे. खड्डा, खांब, उभी सायकल, डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी, पायरी यांतले काहीही आले, तर वळसा घ्यायचा किंवा थांबायचे. माणसाचा अंदाज चुकला आणि गाडी अंगावर येत असली, तर हुकूम मिळाला तरी हलायचे नाही. दिशा माणसाची, पाऊल कुत्र्याचे. 'मला घरी ने' असे म्हणून डोळे मिटून चालण्याचा हा प्रकार नाही.

हे इतके सोपे वाटते, की माणसाला ते फार पूर्वीच सुचायला हवे होते. तसे ते सुचलेही होते. पॅरिसमधील 'कँझ-व्हँ' या अंधांच्या जुन्या आश्रयस्थानात १७८० च्या सुमारास कुत्र्यांना शिकवण्याचे प्रयत्न झाल्याची नोंद आहे. १७८८ च्या सुमारास व्हिएन्नात राइझिंगर नावाचा एक अंध चाळणीवाला होता. त्याने आपल्या स्पिट्झ जातीच्या कुत्र्याला इतके तयार केले होते, की हा माणूस खरोखर आंधळा आहे का, अशी शंका लोकांना येई. त्याच व्हिएन्नात १८०४ साली अंध मुलांसाठी शिक्षणसंस्था सुरू करणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ साली अंधांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात कुत्र्याला कसे शिकवावे, याचीही कृती दिली.

क्लाइन यांच्या कृतीतील एक गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्याने थांबून पाहावी अशी आहे. त्यांनी कुत्र्याला दोरी बांधायला सांगितली नाही. कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ काठी जोडायची आणि तिचे टोक माणसाने धरायचे. दोरीतून फक्त ताण कळतो. कुत्रा पुढे आहे आणि ओढतो आहे, एवढेच. तो थांबला की दोरी सैल पडते आणि ती सैल का पडली, ते कळायच्या आत माणूस कुत्र्यावर आदळलेला असतो. ताठ दांड्यातून मात्र ओढ, रेटा, पीळ आणि चढउतार हे सगळे हाताला कळते. कुत्रा डावीकडे कलला, की मूठ डावीकडे वळते. त्याने पुढचे पाय पायरीवर ठेवले, की मूठ उचलली जाते. आज वापरात असलेली इंग्रजी 'यू' अक्षरासारखी ताठ मूठ याच तत्त्वावर चालते.

म्हणजे १८१९ साली मर्म सापडले होते आणि ते छापूनही झाले होते. १८४७ साली याकोब बिरर या स्विस अंध गृहस्थांनी, स्वतः शिकवलेल्या कुत्र्याबरोबर काढलेल्या पाच वर्षांचा अनुभव लिहिला. तरीही हा प्रकार रुळला नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे ही कल्पना पुस्तकातच पडून राहिली. असे का झाले असावे?

आमच्या मते याचे कारण असे, की प्रत्येक वेळी विद्या एका माणसापाशी आणि एका कुत्र्यापाशी संपत होती. राइझिंगरचा कुत्रा मेला, राइझिंगर गेला आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही गेली. पुढच्या अंध माणसाने पुन्हा पहिल्यापासून धडपडायचे, आणि तेही डोळे नसताना. एखादी कला गुरूशिवाय कितीही वेळा जन्मली, तरी तितक्याच वेळा मरते. इथे शाळा हवी होती, म्हणजे शिकवणारे लोक, ठरलेला क्रम, नापास करण्याची सोय आणि वर्षामागून वर्ष चालणारे काम. त्याला पैसा लागतो. समाज तो पैसा केव्हा काढतो, हा प्रश्न फारसा सुखद नाही.

तो निघाला युद्धामुळे. १९१४ ते १९१८ या काळात तोफगोळे आणि विषारी वायू यांमुळे हजारो सैनिक दृष्टी गमावून परतले. भीक मागणाऱ्या आंधळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करता येत होते, पण गणवेशातल्या तरुणाबाबत ते जमेना. जर्मनीत डॉ. गेरहार्ड श्टालिंग नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की एका अंध रुग्णाबरोबर ते रुग्णालयाच्या आवारात फिरत असताना त्यांना तातडीचे बोलावणे आले, म्हणून त्यांनी आपला कुत्रा रुग्णाजवळ सोडला. परत येऊन पाहतात, तो कुत्रा त्या रुग्णाची राखण करीत असल्यासारखा वागत होता. हकीकतीत मीठमसाला असेलही. त्यांनी ऑगस्ट १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची जगातील पहिली नियमित शाळा उघडली, हे मात्र निश्चित. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाउल फायेन या अंध सैनिकाला तिथला पहिला कुत्रा मिळाला. पुढे अनेक शहरांत शाखा निघाल्या आणि वर्षाला सहाशेपर्यंत कुत्रे तयार होऊ लागले. मग कुत्र्यांचा दर्जा घसरला आणि १९२६ साली ते काम बंद पडले. तोपर्यंत बर्लिनजवळ पॉट्सडॅम येथे दुसरी मोठी शाळा उभी राहिली होती.

या शाळांत कुत्र्याला शिकवायचे तरी काय होते? याचे सर्वांत सुरेख उत्तर एका जीवशास्त्रज्ञाने दिले. याकोब फॉन उक्सक्यूल हे हॅम्बुर्गमध्ये संशोधन करीत होते. प्रत्येक प्राणी आपापल्या ज्ञानेंद्रियांनी आणि गरजांनी घडलेल्या स्वतःच्या जगात राहतो, हा त्यांचा सिद्धान्त. एकाच खोलीत माशीचे जग वेगळे, कुत्र्याचे वेगळे आणि माणसाचे वेगळे. आता फुटपाथची कड घ्या. कुत्र्याच्या जगात ती जवळजवळ नसतेच. तो ती सहज उतरून जातो. अंध माणसाच्या जगात तीच कड मोठी घटना असते. साडेपाच फुटांवर भिंतीबाहेर उघडलेली खिडकी कुत्र्याच्या दृष्टीने आभाळात आहे, माणसाच्या दृष्टीने ती कपाळावर आहे. दोन खांबांमधल्या फटीतून कुत्रा आरामात जातो, पण शेजारी चालणारा माणूस खांबावर आपटतो. तेव्हा कुत्र्याच्या जगात ज्या वस्तूंना काही अर्थ नाही, त्या वस्तू त्याला अडथळा म्हणून ओळखायला शिकवणे, हाच सगळा अभ्यासक्रम होय.

उक्सक्यूल आणि त्यांचे सहकारी इमान्युएल सॅरिस यांनी १९३० च्या सुमारास यासाठी एक साधी युक्ती काढली. माणसाएवढ्या उंची-रुंदीचा सांगाडा चाकांवर बसवून त्यांनी तो कुत्र्याला जोडला. कुत्रा अरुंद जागेतून गेला की गाडा अडे, कडेवरून धाडकन उतरला की गाड्याला हिसका बसे आणि खिडकीखालून गेला की वरचा भाग आदळे. ओरडणारा किंवा मारणारा शिक्षक मध्ये नव्हताच. चूक आणि तिचा परिणाम यांची गाठ जागच्या जागी पडे, आणि थोड्याच दिवसांत कुत्रा माणसाच्या आकाराचा हिशोब करून चालू लागे. छडी आणि शिक्षण यांविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. त्या वादात हा गाडा आम्हाला नेहमी आठवतो.

सर्वांत अवघड धडा मात्र गाड्यानेही शिकवता येत नाही. तो म्हणजे हुकूम न पाळण्याचा. आधी आज्ञा पाळायला पक्के शिकवायचे आणि मग कोणत्या प्रसंगी ती मोडायची, ते शिकवायचे. प्रशिक्षक 'पुढे' म्हणतो, समोरून मुद्दाम गाडी आणलेली असते आणि कुत्रा जागचा हलला नाही, तर त्याचे कौतुक होते. याला 'समंजस आज्ञाभंग' म्हणता येईल. नुसता आज्ञाधारक कुत्रा इथे नापास होतो.

पॉट्सडॅमची शाळा पाहून डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाई भारावून गेल्या. त्या स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाच्या वरच्या डोंगरावर राहात आणि पोलिस व सैन्यासाठी कुत्र्यांची पैदास करीत. त्यांनी एका अमेरिकन साप्ताहिकात ५ नोव्हेंबर १९२७ रोजी या शाळेवर लेख लिहिला. तो लेख टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका बापाने आपल्या एकोणीस वर्षांच्या अंध मुलाला वाचून दाखवला. या मुलाचे नाव मॉरिस फ्रँक. त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून गेला होता आणि दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. त्याची आईही अंध होती. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होता, विमाही विकत होता आणि हिंडण्यासाठी पगारी पोऱ्या ठेवत होता. पोऱ्या आला नाही, की तास बुडाला. त्याने यूस्टिस बाईंना पत्र लिहिले. मला एक कुत्रा द्या, मी परत येऊन इथल्या इतर अंधांसाठी शाळा काढतो, असा त्याचा मजकूर होता.

एप्रिल १९२८ मध्ये तो एकटाच निघाला. वाहतूक कंपनीने त्याला जवळजवळ पार्सलासारखेच नेले आणि बोटीवर त्याची खोली बाहेरून बंद करण्यात येई. स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या हाती किस नावाची जर्मन शेफर्ड कुत्री आली. एका तरुणाने चारचौघांत 'किस' म्हणून हाका मारणे त्याला काही पटेना, म्हणून त्याने तिचे नाव बडी ठेवले.

आता शिकायची पाळी फ्रँकची होती. कुत्री तयार होती. माणूस कच्चा होता. जॅक हम्फ्री नावाचे तिथले प्रशिक्षक स्वतः पॉट्सडॅमला जाऊन शिकून आले होते. फ्रँकने मूठ घट्ट धरावी, कुत्रीला ओढू पाहावे, तिने घेतलेल्या वळशाला विरोध करावा आणि मग आपटावे, असे काही दिवस चालले. डोळसाचा हात धरून चालण्याची सवय झालेल्या माणसाला आपण दिशा द्यायची आहे, हेच आधी उमगत नाही. मग एकदा त्याला केस कापायचे होते, तेव्हा बडीला घेऊन एकट्यानेच जा, असे त्याला सांगण्यात आले. तो गेला आणि केस कापून परत आला. नॅशव्हिलला वडील कामावर जाताना त्याला न्हाव्याच्या दुकानात सोडत आणि ते परत न्यायला येईपर्यंत त्याला तिथे बसून राहावे लागे. स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ मुलांना सांगताना आपण मोठमोठी उदाहरणे देतो. न्हाव्याकडे ताटकळत बसावे न लागणे, हेही त्यातलेच एक आहे.

११ जून १९२८ रोजी फ्रँक आणि बडी न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरले. वार्ताहरांनी आव्हान दिले, की वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. तो रस्ता रुंद होता आणि मोटारी-ट्रकांनी भरलेला होता. दोघांनी थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत तो ओलांडला. फ्रँकने यूस्टिस बाईंना एकाच शब्दाची तार केली : 'यश'. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या वर्गात दोन अंध विद्यार्थी होते आणि दोघेही डॉक्टर होते. कुत्र्यासाठी विद्यार्थ्याकडून दीडशे डॉलर घेण्याची प्रथा पडली. खर्चाच्या मानाने ही रक्कम नाममात्र होती. कुत्रा दान म्हणून मिळू नये, तो आपल्या पैशाने घेतलेला असावा, असा त्यामागचा विचार होता. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९३१ मध्ये वॉलसी या गावी पहिले चार कुत्रे तयार झाले.

कुत्रा शिकला, माणूस शिकला. तिसरा विद्यार्थी मात्र फार नाठाळ निघाला. तो म्हणजे दारावरचा माणूस. हॉटेल, आगगाडी, उपाहारगृह, कचेरी, जिथे जावे तिथे 'कुत्र्याला प्रवेश नाही'. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरालाही स्वर्गाच्या दाराशी हेच ऐकावे लागले होते. तो कुत्र्याला सोडून आत जायला तयार झाला नाही, हे आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याला निदान एकदाच अडवले गेले. फ्रँकला रोज अडवत. बडीला घेऊन तो वर्षानुवर्षे शहरोशहरी हिंडला आणि रेल्वे कंपन्या व विधिमंडळे यांच्याशी भांडला. १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्याला मालकाजवळ डब्यात बसू देण्याचे मान्य केले, आणि सार्वजनिक जागांतील प्रवेशाचे कायदे सर्व राज्यांत होईपर्यंत १९५६ साल उजाडले. म्हणजे कुत्र्याला शिकवायला काही महिने पुरतात, माणसाला शिकवायला काही आठवडे पुरतात आणि दारवानांना शिकवायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

विद्यापीठांच्या आवारात हे कुत्रे पुढे चांगलेच रुळले. ऑस्ट्रेलियात वाटाडी कुत्री प्रथम आणली ती एका प्राध्यापकाने. अर्थशास्त्राचे अध्यापक आर्नल्ड कुक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला गेले होते. तिथून १९५० साली पर्थला परतताना त्यांनी ड्रीना नावाची शिकवलेली कुत्री बरोबर आणली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात ते शिकवू लागले आणि पुढच्याच वर्षी पर्थमध्ये कुत्र्यांच्या शाळेसाठी संस्था निघाली.

विद्यापीठाचे आवार नव्या जोडीला वाटते तितके सोपे नसते. रस्त्याला कड असते, चौक असतात, मोजता येतात. आवारात मोकळी पटांगणे असतात, त्यांतून तिरप्या पाऊलवाटा जातात आणि कानाला दिशा देणारी रहदारी नसते. म्हणून माणूस आधी कोणा डोळस सोबत्याबरोबर वाटा पाठ करतो : ग्रंथालयापासून इतकी पावले, मग पायऱ्या, मग डावीकडचा दरवाजा. कुत्रा चार-आठ दिवसांत त्या वाटा शिकतो, आणि तिथेच नवी पंचाईत होते. मंगळवारचा तास दुसऱ्या इमारतीत असला, तरी कुत्रा सवयीने सोमवारच्याच दारात वळतो. त्याला रोखण्यासाठी माणसाने आपण कुठे आहोत, याचे भान सतत ठेवावे लागते. तास चालू असताना कुत्रा बाकाखाली पडून राहतो. ठरलेल्या वेळी खाणे, ठरलेल्या वेळी बाहेर नेणे, रोज अंग विंचरणे हे सगळे मालकानेच करायचे असते. अंगावर साज असताना त्याला इतरांनी हात लावायचा नाही की खायला द्यायचे नाही. विद्यार्थ्यांना हे सांगावे लागते, आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

सगळेच कुत्रे या कामाला चालत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका शाळेत १९४० नंतरच्या दशकात शंभरातले जेमतेम नऊ कुत्रे उत्तीर्ण होत. क्लॅरेन्स फॅफेनबर्गर या कार्यकर्त्याने जॅक्सन प्रयोगशाळेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांची मदत घेतली. पिल्लू सुमारे तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ निर्णायक असतो, असे त्यांना आढळले. या काळात माणसांचा सहवास मिळाला नाही, तर पुढे कितीही शिकवले तरी ते बुजरे राहते. म्हणून पिल्लांची निवड लवकर होऊ लागली आणि त्यांना घराघरांत वाढायला दिले जाऊ लागले. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण दहा-बारा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या घरात गेले. बालवाडीच्या शिक्षिकांना यात नवे काही वाटणार नाही.

कुत्रा साधारण आठ-दहा वर्षे काम करतो. मग तो थकतो आणि नवा घ्यावा लागतो. नवा कुत्रा जुन्यासारखा चालत नाही. त्याची चाल वेगळी, ओढ वेगळी, थांबण्याची तऱ्हा वेगळी. हाताला जुन्या मुठीची सवय असते, ती मोडायची आणि पाठ असलेल्या वाटेवर पुन्हा नवशिक्यासारखे चालायचे. बडी २३ मे १९३८ रोजी गेली. त्यानंतर फ्रँकने जेवढे कुत्रे बाळगले, त्या सगळ्यांचे नाव त्याने बडीच ठेवले.

आपल्याकडे वाटाड्या कुत्रे अगदी विरळ आहेत. रस्त्यांची अवस्था आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पाहता याचे फारसे नवल वाटत नाही. पाश्चात्त्य देशांतही बहुसंख्य अंध पांढरी काठीच वापरतात, हे ध्यानात ठेवावे. लांब काठीने पुढची जमीन चाचपत चालण्याची पद्धत रिचर्ड हूवर यांनी १९४४ साली, पुन्हा अंध सैनिकांसाठीच, बसवली. काठीला खाऊ घालावे लागत नाही.

आठवी-नववीच्या वर्गाला मैदानावर करता येईल असा एक प्रयोग सुचवून थांबतो. दोन मुले घ्यावीत. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधावा आणि मैदानावरचे कोणते ठिकाण गाठायचे, ते फक्त त्याच्या कानात सांगावे. दुसऱ्याचे डोळे उघडे असतील, पण त्याला ठिकाण सांगायचे नाही आणि त्याने बोलायचे नाही. दोघांमध्ये आधी हातभर सुतळी द्यावी आणि मग तेवढीच ताठ काठी. 'पुढे', 'डावीकडे', 'उजवीकडे' एवढेच शब्द रुमालवाल्याने वापरायचे. दोन्ही वेळा किती ठेचा लागल्या, ते तिसऱ्याने मोजावे. रुमाल बांधल्याने अंधत्वाचा अनुभव येतो, असे मात्र मुलांना सांगू नये. तसा तो येत नाही. पायऱ्यांपाशी एक मोठा मुलगा उभा ठेवावा, आणि रुमालाची गाठ सुटी असावी.